कणगीखालचा चौरंग

आमच्या घरात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो असं मुलं म्हणतात. सांगणारच. पण बाळकुम गावातल्या आमच्या घराला माझा पहिला खरा उपयोग झाला तो उंदरांच्या बाबतीत, आणि ती अक्कल पुस्तकातली नव्हती, गोदीतली होती.

स्वातंत्र्य येऊन पाचसहा वर्षं झाली असतील. शेत आमचं बरं पिकायचं. झोडणी झाली की भात, म्हणजे सालासकटचा दाणा, कणगीत जायचा. कणगी म्हणजे शेणामातीने लिंपलेली, माणूसभर उंच बांबूची टोपलीच, ओटीच्या कोपऱ्यात जमिनीला टेकलेली. खालून उंदीर पोखरायचे, तळाला ओल धरून भात बुरसायचा, आणि श्रावण आला की कणगी रिकामी वाजायला लागायची. मग आई शीळफाट्यापलीकडे माहेरी जाऊन मामाकडून भात आणायची. मामा मायाळू होता. मामी न बोलता माप भरायची. ते न बोलणं आईला लागायचं. परत आली की दोन दिवस ती स्वतःच्या ताटात कमी वाढून घ्यायची.

मी मुंबईच्या गोदीत कारकून म्हणून लागलेलो. तिथे जहाज धक्क्याला बांधलं की दोरखंडात पत्र्याची मोठी गोल ताटं अडकवायचे. विचारलं तर एक खलाशी म्हणाला, उंदरांसाठी. दोरावरून येतो, ताटापाशी अडतो, मागे फिरतो. त्या दिवशी मी डबा खायचा विसरलो.

रविवारी बाबांना मचाणाचा बेत सांगितला. चार खांब, त्यांवर फळ्या, फळ्यांवर कणगी. प्रत्येक खांबाला घासलेटच्या डब्याच्या पत्र्याचं ताट, आणि सगळं भिंतीपासून चांगलं लांब. बाबांनी ऐकून घेतलं आणि घराचं गलबत करायचा विचार आहे काय, असं विचारलं. मग खरं कारण निघालं. कणगी म्हणजे लक्ष्मी.

“लक्षुमी बसलेली बरी,” ते म्हणाले. “उबी केली त चालाया लागंल.”

मी ओल सांगितली, बुरशी सांगितली, उंदरांची पिल्लावळ सांगितली. बाबा हलेनात. आई तांदूळ पाखडत होती. आमच्या वादात ती कधी पडायची नाही, पण तेव्हा सूप खाली ठेवलं.

“चौरंगालाबी पाय असतान. देव त्याचेवर बसतंच ना?”

बाबा बराच वेळ विडी शोधत राहिले. मग म्हणाले, फळ्या ऐनाच्या घे, आंब्याच्या वाकतात.

त्यानंतर आमच्याकडे त्याला कोणी मचाण म्हटलं नाही. चौरंगच. आईने त्याच्या पायांना हळदकुंकू लावलं. कणगीला कोणी काठी किंवा जाळं टेकवलं की ती ओरडायची, कारण उंदराला तेवढी शिडी पुरते. बाबांची छत्रीही तिने एकदा अंगणात भिरकावलेली.

श्रावण आला, गेला. कणगी वाजली नाही. आई माहेरी गेली नाही.

भाद्रपदात एका सकाळी मामाच दारात उभा. डोक्यावर भाताचं बोचकं, घामाघूम. पाण्याचा तांब्या हातात न घेताच त्याने आईला विचारलं, “रुसलीस का गो बाय? घरात कोन काय बोलला का तुला?”

आईने त्याला कणगीपाशी नेलं. मामाने बुक्की मारून पाहिली. खालच्या अंगाला आवाज अजून भरलेला आला. मग तो वाकून पत्रे बघत बसला आणि मला म्हणाला, भाच्या, आमच्याकडे कधी येतोस चौरंग बसवायला? मी फुगलो, खोटं कशाला बोलू.

पण आता भात आणायचा नाही, तर आईला माहेरी जायला निमित्तच उरलं नव्हतं. मामाने ते ओळखलं असावं. जेवून हात धुताना म्हणाला, “भात नाय न्यायचा त नको नेव. तू त येशील ना?”

आईने दोन लुगडी बांधली. मामाचं बोचकं सोडून त्यात आमच्या कणगीतला भात वरून घातला, मामीच्या हातात द्यायला. बाबांनी परत कधी येणार म्हणून विचारलं.

बघू, म्हणाली.