पोरीनं हिशेब करून दिलेली मोटर

आमच्या पिशोरात विहिरीवरच्या मोटरीची पॉवर विचारतात ती सोयरिकीत पोराची नोकरी विचारावी तशी. "किती पॉवरची हाय?" "पाच." झालं, इज्जत राहिली. विहीर किती खोल, पाणी किती चढवायचं, याच्याशी कुणालाच देणंघेणं नाही. ज्याच्याकडं तीनची असते तो सांगताना आवाज खाली आणतो.

मला याचा मनापासून राग यायचा, कारण माझं पोटच या गणितावर चालतं. वाळूजच्या एका कारखान्यात मी पंप आणि कॉम्प्रेसर निवडून देते. दाब किती हवा, प्रवाह किती हवा, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि पंपाच्या कार्यक्षमतेनं भागायचं, की किती पॉवर लागेल ते निघतं. एवढं सोपं असून माणसं शेजाऱ्याच्या बांधावर डोकावून मोटर घेतात.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, येत्या उन्हाळ्यात एकरभर अद्रक लावायचं ठरवलं. आधीची दोन वर्षं त्यांची दुखण्यातच गेली होती, त्यामुळं या अद्रकीवर त्यांचा लई जीव होता. भाऊबीजेला मी माहेरी गेले तेव्हा म्हणाले, "ठिबकला नवी मोटर लागंल. पाचची आणतो. शेजाऱ्याची पाचचीच हाय."

"शेजाऱ्याचं पोट दुखलं तर गोळी तुम्ही खाणार का?" मी म्हटलं. भाऊ हसला. आबा नाही हसले.

मी लगेच दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला. पाणी बारा फुटांवर लागलं. त्यात ठिबकला लागणारा दाब मिळवला, फिल्टरमध्ये आणि पाइपात खर्ची पडणारा मिळवला, आणि चकल्यांच्या डब्यातल्या तेलकट कागदावर गणित मांडलं. अडीचच्याही आत आलं. "तीन बस्स झाली," मी जाहीर केलं, "उगाच मिरवायला पाचची कशाला?" आबांनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "तू शिकलेली. तू म्हणशील तसं."

तीनची आली. गावात कुणी विचारलं की आबा आवाज खाली न आणता सांगायचे, "पोरीनं हिशेब करून दिली." कारखान्यात चहाला हा किस्सा मी किती वेळा सांगितला, त्याचा मात्र हिशेब नाही.

मे संपता संपता भावाचा फोन आला. "ताई, अद्रक लावून वीस दिस झाले. लांबच्या नळ्यांना पाणीच पोचत नाय. आबा घागरीनं घालायलेत."

"फिल्टर धुवा," मी म्हटलं. धुतला होता. "व्होल्टेज कमी असेल." पुरेसं होतं. "मग फिटरला काही कळत नाही." फिटरला कळत होतं, असं भाऊ शांतपणे म्हणाला.

रविवारी मी तावातावानं गेले, यांची चूक यांच्या पदरात घालायला. खुंटीवर दिवाळीतलीच दोरी होती. तीच दगडासकट सोडली. दोरी संपली, पाणी लागलं नाही. भावानं दुसरी दोरी आणून गाठ मारली. पाणी साठ फुटांवर होतं. तिथंच बसून पुन्हा गुणाकार केला, तर चारला टेकला. तीनच्या वर दुकानात सरळ पाचचीच मिळते. अख्ख्या गावाच्या अडाणीपणाचं उत्तर बरोबर होतं आणि माझं चुकलं होतं.

आबा टोकाच्या वाफ्यात घागर ओतत होते. तिथल्या कंदांना कोंब फुटले नव्हते. मी जाऊन त्यांच्या हातातली घागर घेतली. लाजेनं मान वर होईना.

"आबा, उन्हाळ्यात पाणी एवढं खाली जातं, हे तुम्हाला ठाऊक होतं. मग बोलला का नाहीत?"

"तुलाबी ठाऊक असंल वाटलं," ते म्हणाले. "याच इहिरीवर वाढलीस." मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले. "पण लग्नापासून तू दिवाळीलाच येतीस. तवा ती भरलेली असती."

माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. माझं सासर वाळूजजवळ, छावणी भागात आहे. तिथून पिशोर दीड तासाच्या वाटेवर आहे.