पाखरांचे लाडू आणि वरच्या काकूंचं पीठ

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आमच्या अंगणातल्या लिंबावर चिमण्या, बुलबुल, साळुंक्या येतात. त्यांच्यासाठी मी लाडू वळते. शहागंजच्या बाजारातली चांगली बाजरी आणायची, पीठ भाजायचं, त्यात शेंगदाण्याचा कूट घालायचा. मीठ-साखर काही नाही. हे शेजारीपाजारी कळलं आणि लोकांना आपापले डबे रिकामे करायला जागा सापडली.

आज वरच्या मजल्यावरच्या काकू पिठाची पिशवी घेऊन आल्या. उघडली तर कुबट भपकारा! पिठाला जाळ्या, आत बुरशीचे हिरवट गोळे.

"काकू, हे कसलं पीठ?"

"अगं, टाकून द्यायचं जिवावर आलं. पाखरांनाच तर घालायचंय! तेवढंच पुण्य."

त्या गेल्यावर पिशवी सरळ कचऱ्यात टाकली आणि माझ्याच पिठाचे लाडू वळले.

दुपारी काकू परत हजर. बोलता बोलता त्यांनी ताटातला एक लाडू उचलून तोंडात टाकला.

"चांगला झालाय गं, फक्त गूळ कमी पडला."

"तुमच्याच पिठाचा आहे," मी खोटंच बोलले.

काकू बेसिनकडे धावल्या. थू थू करत चूळ भरत राहिल्या. "लई घाणेरडी आहेस गं तू! मारतेस काय मला?"

खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही. सांगायची इच्छाही नाही.

आता तुम्हीच सांगा, चूळ भरायला पाखरानं कुठं जायचं?