रेडिओतली बॅटरी

नोला ट्रेवास्किस ही आमच्या डोंगररस्त्यावरची सगळ्यात भांडखोर बाई. वय सदुसष्ट, मनगटं संधिवातानं गेलेली. पेट्रोलच्या करवतीची दोरी ओढवेना, तेव्हा तिनं दुकानात जाऊन अर्धा दिवस दुकानदाराचं डोकं खाल्लं. प्रत्येक यंत्र हातात धरून तोललं आणि सगळं एकाच कंपनीचं घेतलं: ड्रिल, गवत कापायचं यंत्र, झाडं कापायची करवत. "दोन पिवळ्या बॅटऱ्या. सगळ्यांना चालतात," असं ती भेटेल त्याला ऐकवायची.

शेजारच्या मर्व ब्रॅनॉकला ते बघवत नसे. "खेळणी घेतलीस की गं! बाहुली कुठाय?"

"बाहुलीला तुझं थोबाड होतं. परत केली."

जानेवारीत, म्हणजे इकडच्या ऐन उन्हाळ्यात, दोन दिवस उत्तरेचा गरम वारा सुटला. वीज गेली. मंगळवारी अकराच्या सुमारास, खाली शहरात जाणाऱ्या एकुलत्या वाटेवर नोलाच्या हद्दीतलं निलगिरीचं झाड आडवं झालं. तिच्या नवऱ्याला, अल्बीला, एक वाजता डायलिसिसला बसायचं होतं. शनिवारपासून रक्त साफ झालं नव्हतं. पाय सुजून बुटात मावत नव्हते. आणि शहर पाऊण तासावर.

करवतीचा लाल दिवा लुकलुकला, बस. बॅटऱ्या कालपासून उन्हात, बंद गाडीत भाजत पडलेल्या; इतक्या तापल्या की चालेनात. नोलानं इथं कुणीही केलं असतं तेच केलं. बिअर गार करायच्या पेटीत, बर्फावर ठेवल्या. वीस मिनिटांनी काढल्या तर पाणी ठिबकत होतं. आता दिवाही लागेना.

मर्व पेट्रोलची करवत घेऊन आला. "सरक. बाप्याचं यंत्र बघ."

त्यानं दोरी पंधरा वेळा ओढली. आतलं पेट्रोल गेल्या हिवाळ्यातलं, नासलेलं होतं.

"बाप्या दमला वाटतं."

"झाड तुझं आहे! तीन वर्षं सांगतोय, झुकलंय, पाड!"

"आणि माझ्या कुंपणाबद्दल कौन्सिलला पत्र कुणी लिहिलं रे?"

"भांडण संपलं की सांगा," गाडीतून अल्बी म्हणाला. "शक्यतो मी मरायच्या आत."

मर्वनं करवत खाली ठेवली. तेव्हा मर्वच्या ओसरीवरून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकू आली. नोला सावकाश वळली.

"मर्व, वीज नाही. रेडिओ कशावर चाललाय?"

"तो रेडिओ आहे. हत्यार नव्हे. मुलीनं दिलाय."

"बॅटरी कुठल्या रंगाची?"

मर्वनं टोपी काढली, परत घातली. "पिवळी."

"आण."

"पाच गेलेत, नोला. शेवटचा दिवस आहे."

"अल्बीचाही असेल."

तो शिव्या देत गेला आणि शिव्या देतच परत आला. बॅटरी करवतीत खट्‌कन बसली. पण रेडिओची ती, लहानशी. फार तर दोन काप निघाले असते.

"बुंध्यापाशी काप!"

"बुंध्यात अर्ध्यावर मरेल ही. तिकडे शेंड्याकडे फांद्यांचं दुबेळकं आहे, खोड बारीक होतंय. तिथून कापते, गाडी कडेनं जाईल."

"कडेला दरड आहे, बाई!"

"गाडी माझी, दरड माझी, नवरा माझा. तू पहार धर."

पहिला काप निघाला. दुसऱ्यात लाकडानं पातं चावलं आणि करवत कण्हायला लागली.

"उचल! उचल मेल्या!"

"उचलतोय ना! कानात ओरडू नकोस!"

मर्व पहारेवर आडवा झाला, फट उघडली, पातं पार गेलं. करवत तिथंच बंद पडली. ओंडका दोघांनी लाथांनीच ढकलला.

नोला करवतीसकट गाडीत बसली. आभार वगैरे नाहीत.

"माझी बॅटरी!"

"रिकामी आहे. शहरात वीज आहे, भरून आणते."

"आणि तोवर मॅच?"

"तुझ्या गाडीतल्या रेडिओवर ऐक."

"तो चार वर्षं बंद आहे!"

"मग दुरुस्त कर की, बाप्या."

आरसा दरडीला खरवडत गाडी निघून गेली.

एक वाजून पाच मिनिटांनी अल्बी डायलिसिसच्या खुर्चीत बसला. सुई लागली, रक्त नळीतून फिरायला लागलं, तेव्हा कुठे नोलानं श्वास सोडला. गाडीतून आणलेला चार्जर भिंतीला लावून तिनं मर्वची बॅटरी त्यात बसवली आणि नर्सला बजावलं, "अर्धी भरली की काढ. जास्त लाड नकोत त्याचे."