डायरीतलं शिक्षण

बी.कॉम.ला असताना चिंचवडच्या एका कंपनीत वर्षभर हिशेबाचं काम शिकायचं होतं. शिकवतंय कोण डोंबल! हेडक्लार्क माझ्याकडून नुसती व्हाउचरं टाचून घ्यायचे. कॉलेजला मात्र दर आठवड्याची डायरी लागायची. मग मी पुस्तकातून ठोकून द्यायचो: खतावणी केली, बँकेचा मेळ घातला. हेडक्लार्क न वाचताच सही करायचे.

वर्ष संपता संपता ऑडिटर आले आणि नेमके हेडक्लार्क आजारी पडले. मॅनेजरसाहेबांनी माझी डायरी चाळली. "हा बसेल तुमच्याबरोबर. सगळं येतं याला."

डायरी खोटी आहे असं सांगितलं, तर वर्ष पाण्यात.

ऑडिटरनी बँकबुक पुढे सरकवलं. "करा सुरुवात."

मी सवयीने टाचण्यांची डबी जवळ ओढली.