वरच्या थरातले हिरवे बटाटे

गटाचा माल तीच तपासायची. गटातले लोक तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे चाळण. चाळणीतून सुटेल तो नशीबवान.

गट होता तुकडा-तुकडा जमीन असलेल्या शेतकऱ्यांचा. एकेकट्याला गाठून दलालाने वर्षानुवर्षे तोंडाला पानं पुसली, तेव्हा कुठे शहाणपण आलं. आता सगळ्यांचा बटाटा एका ट्रकमधून थेट वेफर्सच्या कारखान्यात जाई. पण उन्हात राहून हिरवा पडलेला बटाटा विषारी. एका क्रेटमध्ये जरी सापडला तरी कारखाना अख्खा ट्रक परत पाठवी. म्हणून गटाने नियम केला. लबाडी करणाऱ्याचं क्रेट सगळ्यांसमोर रस्त्यावर ओतायचं, त्याने ते स्वतःच्या हाताने भरायचं आणि पुन्हा गटाची पायरी चढायची नाही. नियम सुचवला चाळणीनेच. सख्ख्या नणंदेलाही तिने सोडलं नव्हतं, आणि त्याचा तिला गर्व होता. गट टिकला तो तिच्या या खाष्टपणावर, हे मात्र खरं.

त्या दिवशी क्रेट आलं थोरल्या भावाचं. वडील गेल्यावर दादानेच तिला लहानाची मोठी केली होती. तिने वरचं गोणपाट सारलं आणि पहिल्याच थरात तीन बटाटे दिसले, हिरवेगार.

मागे उभ्या लोकांनी ते पाहिले. चाळणीने मात्र हात घालून खालचा माल चाचपला. लबाड माणूस खराब माल तळाशी दडवतो. वर कोण ठेवील? बाकी माल तर एका मापाचा, कुठे चिरलेला नाही, कुठे मऊ नाही. बोटांना कळतं तेवढं सगळं चोख होतं. दादाला दिसत नव्हतं.

"दादा, अरे तुला..." ती बोलू लागली.

"मीच घातलेत. मुद्दाम," तो मोठ्याने म्हणाला. मग तिचा दंड घट्ट धरून कानाशी पुटपुटला, "गप्प बस. पोरांना कळलं तर उद्या कशावरही सही घेतील माझी. जमीन विकायला टपलेत दोघं."

पोरं म्हणजे त्याचेच मुलगे. धाकटा तिथेच उभा होता.

चाळणीने क्रेट ओतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला, पण ओतलं. दादा गुडघ्यांवर बसून बटाटे गोळा करू लागला. हाताला लागेल ते उचलत होता. एक दगडही त्याने क्रेटमध्ये टाकला.

"बघा, अजून दगडच भरतोय!" कुणीतरी ओरडलं. "जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही."

लोक खो खो हसले. पण दादाचा हात आता नुसताच मातीत फिरत होता, आणि बटाटा होता वीतभर पलीकडे. धाकटा हसायचा थांबला.

"आत्या, बाबांना दिसत नाहीये की काय?"

लोक वाकून दादाकडे बघू लागले.

"दिसत नाही?" चाळण कडाडली. "दगड बरे नेमके दिसतात तुझ्या बापाला! चोर तो चोर, वर नाटकं करतोय!" आणि ती हसली. पोट धरधरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिचं पाहून सगळे हसले, धाकटाही हसला.

दादाच्या हाताला पुन्हा दगड लागला. त्याने तो चाचपला, ओळखला आणि क्रेटमध्ये टाकला.