पहिला नंबर श्रीचा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचं हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं दुकान होतं. आमचं म्हणजे दादाचं आणि माझं. दादा, माझा थोरला भाऊ, सॉफ्टवेअर विकायचा. प्रोग्राम मी लिहायचे. त्याला बोलायची हौस आणि मला माणसांचा कंटाळा, त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली होती.

हळदीच्या व्यापाऱ्यांची एकच अट होती. नव्या वहीचं पहिलं पान ते श्री लिहून कोरं सोडत. कॉम्प्युटरातही तसंच पाहिजे म्हणाले. एक नंबरचं बिल देवाचं म्हणून कोरं, गिऱ्हाइकाचं दोन नंबरपासून पुढचं. मी तसं करून दिलं आणि विसरून गेले.

मग दादाला परदेशाचं वेड लागलं. मस्कतचं आणि काठमांडूचं गिऱ्हाईक मिळतंय म्हणाला. मी कामाला लागले. मस्कतच्या रियालला हजार बैसे, म्हणून दशांशापुढे तीन घरं. सुट्टी शुक्रवारी. नेपाळात विक्रम संवत, महिना कधी बत्तीस दिवसांचाही, आणि हिशेबाचं वर्ष श्रावणात सुरू. प्रत्येक देशाला वेगळा प्रोग्राम लिहिला असता तर दुरुस्त्या करता करता जीव गेला असता. म्हणून मी मूळ प्रोग्राम एकच ठेवला आणि देशादेशाच्या रीती वेगवेगळ्या फायलींत घातल्या. देश बदलला की फाईल बदलायची, बस्स. हे सुचलं त्या दिवशी मी एकटीच दुकानात हसत बसले होते.

दादा मस्कतहून परतला तो तोंड पाडून. "नाही गं आवडलं त्यांना. कच्चं वाटतं म्हणाले." काठमांडूवाल्यांनी तर फ्लॉपी न उघडताच परत पाठवली, असंही त्यानंच सांगितलं. मी खचले. आपली झेप यार्डापुरतीच, असं मनाशी धरून नवं काही लिहायचं सोडलं आणि दुकानातच मुलींचे कॉम्प्युटरचे क्लास घ्यायला लागले. कुणी नवं काम सांगितलं की म्हणायचे, "ते मला नाही जमायचं."

असंच बरेच दिवस चाललं. मग एका दुपारी, दादा साताऱ्याला गेला असताना, वाईकडचा एक माणूस दुकानात आला. मस्कतला कापडाच्या दुकानात हिशेब बघायचा, रजेवर आला होता.

"आवं ताई, दादा हायत का? तुमचं सॉफ्टवेअर लय चांगलं हाय, पर एक नंबरचं बिल कुटं जातंय? आडिटर म्हणतोय, मीच लपवलंय."

"कुठलं सॉफ्टवेअर?"

"हेच की, दादांनी दिल्यालं. आमच्या शेठच्या समद्या दुकानांत त्येच्यावरच चालतंय."

एक नंबर म्हणजे श्रीचा. श्रीची जागा मी भारताच्या फायलीत घातलीच नव्हती, मूळ प्रोग्राममध्ये घातली होती. बैसे आठवले, शुक्रवार आठवला. पण जगात कुठे श्रीवाचून हिशेब सुरू होत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अशी चूक दुसरं कोण करणार? चूक माझी होती, म्हणजे प्रोग्राम माझाच होता.

त्या माणसाची नोकरी टांगणीला लागली होती. त्याला चहा दिला आणि बसल्या बसल्या श्री भारताच्या फायलीत हलवला. ऑडिटरला दाखवायला चार ओळी लिहून दिल्या. फ्लॉपी घेऊन तो दुवा देत गेला.

संध्याकाळी दादा आला.

"मस्कतला चालू आहे तर," मी म्हटलं.

त्यानं बॅग खाली ठेवली. "त्यांना प्रोग्राम लिहिणाराच तिकडं हवा होता, वर्षभर. कुणी लिहिलाय विचारलं, मी म्हटलं, मीच. येणं जमणार नाही म्हणून सांगितलं. घरातली पोरगी एकटी मस्कतला धाडायची होती का?"

"मग कच्चं कोण म्हणालं?"

तो चपला काढून कोपऱ्यात ठेवायला लागला.

"फसवलंस तू मला. विकलंस ते विकलंस, पण मला काही येत नाही असं वाटायला लावलंस."

"लय मनाला लावून घेतेस," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला. मग त्यानं विचारलं, "एक नंबरचं निस्तरलंस ना पण?"

"हो."

"मग हातासरशी नेपाळचंही करून टाक. तेही कधीपासून मागं लागलेत."