सासूबाई बसल्या की फोर-लो जातं

“काका, हसणार नसाल तर एक सांगतो.” संदीपनं केबिनचं दार लावून घेतलं. बाहेर त्याची गाडी लिफ्टवर चढवलेली होती आणि सकाळपासून तिच्या पोटाखाली उभं राहून माझी मान अवघडली होती. “आमच्या सासूबाई गाडीत बसल्या की फोर-लो जातं. नसल्या की येतं.”

मी हसलो नाही, चिडलो. गाड्यांच्या टेस्टिंगमध्ये उभं आयुष्य काढलं, चाकणच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर चिखलीत स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं, ते असली निदानं ऐकायला नव्हे.

“सुपरवायझर आहेस ना तू?” मी म्हणालो. “लाइन बंद पडली की शिफ्ट रिपोर्टमध्ये सासूचं नाव टाकतोस का?”

“तसं नाही हो काका. दोनदा झालंय.”

फोर-लो म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. साध्या गाडीत इंजिनची ताकद दोनच चाकांना जाते. फोर बाय फोर गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक डबा असतो, ट्रान्सफर केस. तो ताकद चारही चाकांना वाटून देतो. फोर-लो हा त्याचा सगळ्यात ताकदीचा टप्पा. गाडी मुंगीच्या पावलानं चालते, पण उभा कच्चा चढ चढते. पूर्वी त्यासाठी दांडा असायचा. हिसका देऊन ओढला की काम झालं. आता डॅशबोर्डवर गोल नॉब असतो. गाडी थांबवायची, न्यूट्रल करायची, नॉब फिरवायचा. मग एक मोटर आतला गिअर सरकवते आणि गिअर कुठंवर आला ते सेन्सर कंट्रोल युनिटला कळवतो. ही बातमी पोचली नाही तर युनिट जागचं हलत नाही, डॅशवरचा दिवा मिचकावत बसतं. आमच्या कंपनीतला स्टोअरकीपर असाच होता. कागद आल्याशिवाय वॉशरसुद्धा द्यायचा नाही.

आता भांडण. संदीपच्या सासूबाईंचं माहेर मावळात, डोंगरावर. एसटी पायथ्याला सोडते, वर दगडगोट्यांचा चढ. वर त्यांचा थोरला भाऊ राहतो. त्याचे गुडघे गेलेत, तो उतरू शकत नाही. ह्यांना दम लागतो, ह्या चढू शकत नाहीत. फोनवर बोलतात, पण भेट नाही. संदीपनं फोर बाय फोर घेतली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद सासूबाईंना झाला होता. दोनदा निघाले. दोन्ही वेळा पायथ्याशी फोर-लो लागेना, गाडी मागं फिरवावी लागली. आता शुक्रवारी गावची जत्रा होती.

संदीप म्हणायचा, सासूबाईंचा पायगुण. सासूबाई म्हणायच्या, जावयालाच यायचं नाही, मुद्दाम कसलंतरी बटण दाबतो. मधल्या मधे पल्लवीचं, म्हणजे संदीपच्या बायकोचं, भरीत झालं होतं.

मी माझ्या पद्धतीनं सगळं करून चुकलो होतो. स्कॅनर लावला, तर बिघाडाचा जुना कोड सापडला: गिअरची जागा सांगणाऱ्या पोझिशन सेन्सरचं सर्किट. असा कोड दिसला की आपल्याकडं लोक लगेच म्हणतात, सेन्सर गेला, बदलून टाका. आधीच्या गॅरेजवाल्यानं तेच केलं होतं, मोटर सेन्सरसकट नवीन. अरे, कोड एवढंच सांगतो की बातमी आली नाही. वाटेत कुणी अडवली ते तो सांगत नाही. मी कनेक्टर उघडले, आत ओल नव्हती, गंज नव्हता. मल्टिमीटर लावला. खालच्या वायरी हलवून पाहिल्या. नॉब फिरवला की खालून टक्क आवाज यायचा आणि फोर-लोचा दिवा शहाण्यासारखा लागायचा. अधूनमधून येणारे फॉल्ट घरच्या द्वाड पोरासारखे असतात, पाहुण्यांसमोर एकदम गुणी.

“बोलाव सासूबाईंना,” शेवटी मी म्हणालो. म्हणताना मलाच लाज वाटली.

त्या पल्लवीबरोबर रिक्षानं आल्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की शेजारच्या वर्कशॉपमधला ग्राइंडर बंद झाला.

“माजी तपासणी लावलीया व्हय?”

“तुमची नाही मावशी, गाडीची.”

“गाडीला काय बी झालेलं न्हाई. जावईबापूंनाच यायचं न्हाई. आमी काय खुळ्या हाय का?”

संदीप लिफ्टच्या खांबाकडं बघत राहिला.

“मावशी, पुढं बसा. चक्कर मारून येऊ.”

“पुढं? जावयाच्या शेजारी? न्हाई बाई.”

“गाडी मी चालवतोय. तो इथंच थांबेल.”

मग त्या पदर सावरून बसल्या. आम्ही दोघंच मागच्या खडीच्या मैदानावर गेलो. गाडी थांबवली, न्यूट्रल केली, नॉब फिरवला. टक्क. दिवा लागला. काढलं, परत लावलं. टक्क. खड्ड्यातून, चढावरून, सगळीकडून नेलं. गाडी अगदी आज्ञाधारक.

“लागलं का?” सासूबाईंनी विचारलं.

“लागलं.”

“मी तर हाय गाडीत. मंग कोन न्हाई?”

इतकी वर्षं टेस्टिंगमध्ये काढली, पण एवढा सरळ निष्कर्ष कुणी माझ्या तोंडावर मारला नव्हता. वर्कशॉपच्या दारात उतरल्या उतरल्या त्यांनी तो निष्कर्ष पल्लवीला, माझ्या दोन्ही मेकॅनिकना आणि चहावाल्याला ऐकवला.

संदीपचा चेहरा लाल झाला. “असं नाही चालणार. आत्ता सगळे बसू. ह्यांच्यासमोर लावून दाखवतो.”

तो स्टिअरिंगवर बसला. सासूबाई मागं बसल्या, डाव्या बाजूला. जावई गाडी चालवत असला की त्या पुढं बसतच नाहीत. पल्लवी पुढं, आईच्या बरोबर समोर. मी तिच्या खिडकीशी उभा होतो. बसल्या बसल्या, कुणी काही न सांगता, पल्लवीनं खाली हात घातला आणि सीट खर्रकन पार पुढं ओढली. आईच्या गुडघ्यांना जागा व्हावी म्हणून.

संदीपनं नॉब फिरवला. टक्क झालंच नाही. दिवा मिचकावायला लागला.

“बघा काका!” संदीप ओरडला.

“बघा, दाबलं!” सासूबाई ओरडल्या.

“गप्प बसा दोघं!” मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलो. “पल्लवी, सीट मागं घे. संदीप, गाडी बंद कर, चालू कर, आता फिरव.”

टक्क.

“पल्लवी, पुढं.”

दिवा मिचकावला.

पल्लवीला उतरवून मी सीटखाली टॉर्च मारला. त्या गाडीचं कंट्रोल युनिट नेमकं त्याच सीटखाली असतं. नवी गाडी घेतली की आपण आधी मॅटिंग करून घेतो, म्हणजे तळाला जाड मॅट पसरून घेतो. मॅटिंगवाला सगळ्या सीट काढतो आणि परत बसवतो. इथं त्यानं सीट बसवली, पण वायरींचा जुडगा जागेवर धरणारी क्लिप लावली नव्हती. वायर सीटच्या रुळात लोंबत होती. सीट मागं असेपर्यंत काही नाही. पार पुढं आली की रूळ वायरीवर दाबायचा. तिचं वरचं आवरण सोललं होतं. तांबं पत्र्याला टेकायचं आणि सेन्सरची बातमी तिथंच मरायची.

संदीप एकटा असताना सीट मागं. नवरा-बायको दोघं असताना सीट मागं. सासूबाई मागं बसल्या की सीट पुढं. आणि मी काय केलं? सासूबाईंना टेस्ट इन्स्ट्रुमेंट म्हणून बोलावलं आणि चुकीच्या जागी जोडलं.

वायर जोडली, स्लीव्ह चढवली, क्लिप बसवली. चहा गार व्हायच्या आत काम संपलं.

सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. “म्हंजी जावयानं केलं न्हवतं?”

“नाही मावशी.”

“मंग मी उगाच बोलले.” त्यांनी पदरानं डोळे पुसले. “भाऊ भेटंल आता.”

पल्लवी आणि सासूबाई गाडीत बसायला गेल्या आणि संदीप पुन्हा केबिनमध्ये आला. पुन्हा दार लावून घेतलं.

“काका, गाडी शनिवारी दिली तर?”

“का रे?”

“जत्रेत कुस्त्या असतात. पल्लवीच्या मामांनी माझं नाव दिलंय. जावयाची मानाची कुस्ती, नारळावर.” त्यानं आवाज आणखी खाली आणला. “लग्नाच्या वर्षी चालत वर गेलो होतो. माइकवरून नाव पुकारलं. समोर मामांचा नातू, आठवीतला. मला उताणा पाडलं. अख्खं गाव शिट्ट्या मारत होतं.”

“म्हणजे सासूबाई अगदीच चूक नव्हत्या?”

“आईशप्पथ, बटण दाबलं नव्हतं काका. पण दिवा मिचकावला की जरा बरं वाटायचं, एवढं खरं.”

मी बाहेर गेलो आणि गाडीची किल्ली सासूबाईंच्या हातात दिली.

शुक्रवारी संध्याकाळी पल्लवीच्या नंबरवरून फोन आला. “सायेब, पोचलो बरं का. भाऊ सकाळधरनं उंबऱ्यात बसला हुता. लई रडलो दोगं.” पुढचं नीट ऐकू आलं नाही, कारण मागं लाउडस्पीकरवर कुणीतरी चिखलीच्या जावयांना आखाड्यात बोलावत होतं.

सोमवारी संदीप आला. कोपराला पट्टी, हातात अर्धा नारळ. कुस्ती बरोबरीत सुटली होती. पोरगं आता कॉलेजात जातं, म्हणाला, नाहीतर जिंकलो असतो.

तेव्हापासून माझ्याकडं एक नियम आहे. ट्रायलला गाडी काढायची, तर घरची माणसं रोज जिथं बसतात तिथंच बसवायची. गिऱ्हाईक कितीही खुळ्यासारखं बोललं, तरी त्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं. फक्त गाडी दुरुस्त झाल्यावर ती परत कधी न्यायची, हे मात्र त्याला विचारायचं नाही.